संख्याशास्त्राचा पहिला अभ्यासक्रम ऑनलाइन शिकताना

वाणिज्य, मानसशास्त्र, परिचर्या, कृषी अशा अनेक शाखांच्या विद्यार्थ्यांना पदवीच्या काळात संख्याशास्त्राचा एक प्रारंभिक अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो आणि आता तो घरबसल्या पूर्ण करण्याची सोय आहे. हा विषय ऑनलाइन उत्तम शिकता येतो असे माझे ठाम मत आहे, मात्र त्यासाठी व्हिडिओ पाहण्याच्या दुप्पट वेळ वही-पेनासाठी राखून ठेवावा लागतो. शिक्षकाने सोडवलेले उदाहरण पडद्यावर पाहताना प्रत्येक पायरी पटत जाते, आणि तेच उदाहरण कोऱ्या कागदावर सोडवायला घेतले की दुसऱ्याच ओळीत हात थांबतो. या विषयातील बहुतेक अपयशांचे मूळ या फरकात आहे.

नावनोंदणीपूर्वी आपल्याला श्रेयांक (क्रेडिट) हवे आहेत की केवळ विषय समजून घ्यायचा आहे, हे निश्चित करावे. केवळ समजून घ्यायचे असेल तर खान अकॅडमीवरील मोफत धडे पुरेसे आहेत. श्रेयांक हवे असतील तर केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या मंचावरील अभ्यासक्रम पाहावेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या विनियमांनुसार एखाद्या सत्रातील 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून पूर्ण करता येतात. तरीही आपले महाविद्यालय नेमका कोणता अभ्यासक्रम ग्राह्य धरते, हे विभागप्रमुखांकडून आधी लेखी घ्यावे.

‘स्वयम्’वरील एनपीटीईएलच्या (आयआयटी आणि आयआयएस्सी यांच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाच्या) अभ्यासक्रमांची गुणपद्धती समजून घेतली की नियोजन सोपे होते. साधारणपणे 12 आठवड्यांच्या अभ्यासक्रमात साप्ताहिक स्वाध्यायांपैकी सर्वोत्तम 8 स्वाध्यायांना मिळून 25 गुण आणि केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन द्यायच्या परीक्षेला 75 गुण असतात. उत्तीर्ण होण्यासाठी स्वाध्यायांत किमान 10 आणि परीक्षेत किमान 30 गुण लागतात. त्यामुळे दुसऱ्याची उत्तरे पाहून स्वाध्याय भरणाऱ्याच्या हाती परीक्षेच्या दिवशी काहीच उरत नाही. आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते: अभ्यासक्रमाची नावनोंदणी विनामूल्य असली तरी परीक्षेची नोंदणी स्वतंत्र असते, तिचे शुल्क भरावे लागते आणि तिची अंतिम तारीख अभ्यासक्रम चालू असतानाच येऊन जाते. सर्व स्वाध्याय मनापासून सोडवूनही ही तारीख चुकलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत.

गणिताची पूर्वतयारी फार लागत नाही. अपूर्णांक, टक्केवारी, वर्गमूळ, असमानतेची चिन्हे, सरळ रेषेचे समीकरण आणि सिग्मा या बेरजेच्या चिन्हाचा अर्थ येत असेल तर सुरुवात करता येते. स्वतःची परीक्षा म्हणून 4, 8, 6, 5, 7 या पाच संख्यांचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीच्या पसाऱ्याचे माप, हाताने काढून पाहावे. सरासरी 6 येते. तिच्यापासूनची अंतरे उणे 2, 2, 0, उणे 1 आणि 1. त्यांच्या वर्गांची बेरीज 10. या बेरजेला 5 ने भागून वर्गमूळ काढले तर प्रमाण विचलन 1.41 येते, 4 ने भागून काढले तर 1.58. आपल्याकडे अकरावीत एकूण संख्येने, म्हणजे एनने भागायला शिकवतात, तर महाविद्यालयीन अभ्यासक्रमात नमुन्यासाठी, म्हणजे मोठ्या गटातून निवडलेल्या थोड्या संख्यांसाठी, एन वजा एकने भागतात. ऑनलाइन स्वाध्याय संगणक तपासत असल्यामुळे 1.41 लिहिणाऱ्याला शून्य गुण मिळतात आणि चूक कोठे झाली हे कोणी सांगत नाही. एन वजा एकचे कारण मात्र पाठ न करता समजून घ्यावे. नमुन्याची सरासरी त्याच नमुन्यातील संख्यांवरून काढलेली असते, त्यामुळे त्या संख्या समष्टीच्या, म्हणजे त्या संपूर्ण गटाच्या, खऱ्या सरासरीपेक्षा स्वतःच्या सरासरीच्या अधिक जवळ असतात आणि वर्गांची बेरीज थोडी कमी भरते. लहान संख्येने भागून ही उणीव भरून काढली जाते.

असाच दुसरा खड्डा प्रसामान्य वितरणाच्या, म्हणजे घंटेच्या आकाराच्या वक्राच्या, कोष्टकात आहे. आपल्याकडील अनेक पुस्तकांतील कोष्टक शून्यापासून झेडपर्यंतचे (झेड म्हणजे सरासरीपासूनचे अंतर किती प्रमाण विचलनांइतके आहे तो आकडा) क्षेत्रफळ देते, तर पुष्कळ ऑनलाइन अभ्यासक्रमांतील कोष्टक डावीकडच्या टोकापासून मोजते. त्यामुळे 1.96 समोर एका ठिकाणी 0.4750 आणि दुसऱ्या ठिकाणी 0.9750 दिसते. दोन्ही बरोबर आहेत, पण अभ्यासक्रमाने दिलेले कोष्टकच शेवटपर्यंत वापरावे आणि प्रत्येक उदाहरणात वक्र काढून हवा तो भाग रेखांकित करावा.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांनी वहीच्या शेवटच्या पानांवर दोन रकाने करावेत: एकात मध्यक, बहुलक, प्रचरण, सहसंबंध असे परिचित शब्द आणि दुसऱ्यात व्याख्यानात ऐकू येणारे मीडियन, मोड, व्हेरियन्स, कोरिलेशन. काही शब्द रोजच्या वापरातलेच असल्यामुळे फसवतात. ‘सिग्निफिकंट’ या शब्दाचा येथील अर्थ ‘महत्त्वाचा’ असा नसून, दिसलेला फरक निव्वळ योगायोगाने पडणे फारसे संभवत नाही, इतकाच आहे.

आलेख आणि सरासरीचे पहिले धडे वेग वाढवून पाहिले तरी चालतात. खरा कस लागतो तो नमुना वितरणाच्या धड्यात, आणि त्यासाठी एका आठवड्याऐवजी दोन आठवडे ठेवावेत असे मी आग्रहाने सांगतो. या धड्यात विचाराची पातळी बदलते: आतापर्यंत एकेका व्यक्तीची उंची किंवा वय बदलत होते, आता नमुन्याची सरासरीच बदलणारी राशी होते. हे व्हिडिओ पाहून क्वचितच उमगते. त्यासाठी हात चालवावे लागतात. आपल्या 20 नातेवाइकांची वये चिठ्ठ्यांवर लिहून त्या डब्यात टाकाव्यात, 5 चिठ्ठ्या काढून त्यांची सरासरी लिहावी, चिठ्ठ्या परत टाकून डबा हलवावा आणि हे 30 वेळा करावे. मग त्या 30 सरासऱ्या एका रेषेवर ठिपक्यांनी मांडाव्यात. वये चार वर्षांच्या भाचीपासून ऐंशी वर्षांच्या आजोबांपर्यंत पसरलेली असली, तरी ठिपके मधल्या भागात गोळा झालेले दिसतात. केंद्रीय सीमा प्रमेय ज्या चित्राविषयी बोलते ते हेच, आणि ते स्वतः काढल्यावर पुढील सूत्रे ओळखीची वाटू लागतात.

हा पसारा मोजणारी प्रमाण त्रुटी नमुन्याच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होते, हे एका उदाहरणात करून पाहावे. एखाद्या पाहणीत निम्म्या लोकांनी ‘होय’ म्हटले आणि यादृच्छिक नमुना 400 जणांचा असेल, तर 95 टक्के विश्वासांतर, म्हणजे खऱ्या प्रमाणाच्या अंदाजाचा पट्टा, दोन्ही बाजूंना सुमारे 4.9 टक्के इतके असते; ते निम्मे करायला 800 नव्हे, 1600 माणसे लागतात. निवडणुकीच्या काळात मतचाचण्यांचे आकडे वाचताना हा हिशेब उपयोगी पडतो.

परिकल्पना परीक्षणात, म्हणजे एखादे गृहीतक आकड्यांवरून तपासताना, पी-मूल्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहिता येईपर्यंत पुढे जाऊ नये. नाणे 10 वेळा उडवले आणि 9 वेळा छापा आला असे समजा. नाणे निर्दोष असते तर 9 किंवा अधिक वेळा छापा येण्याची संभाव्यता 1024 पैकी 11, म्हणजे सुमारे 0.011 असते, काट्याची बाजूही धरली तर 0.021. ही संख्या ‘नाणे निर्दोष आहे’ या विधानाची संभाव्यता सांगत नाही. नाणे निर्दोष मानल्यास असा किंवा याहून टोकाचा निकाल किती दुर्मीळ, एवढेच ती सांगते.

संगणकावरील सॉफ्टवेअरसाठी खर्च करण्याची गरज नाही. सुरुवातीला स्प्रेडशीट पुरते आणि पुढे ‘आर’ ही मोफत प्रणाली शिकता येते. मात्र कोणतीही आकडेवारी हाती आली की सूत्र चालवण्यापूर्वी आलेख काढावा. संख्याशास्त्रज्ञ फ्रँक अँस्कम यांनी 1973 मध्ये चार लहान आकडेसंच प्रसिद्ध केले. चौघांच्या सरासऱ्या, प्रचरण आणि सुमारे 0.816 हा सहसंबंध जवळपास सारखाच आहे, पण आलेख काढताच एक साधारण सरळ, एक वक्र आणि दोन एकेका एकाकी बिंदूने ओढले गेलेले दिसतात. हे चारही आलेख प्रत्येकाने एकदा स्वतः काढावेत.

सरावासाठी आपल्या बाजार समित्यांची रोजची कांद्याची आकडेवारी घ्यावी, कारण तिच्यात आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर असे रकाने तयार मिळतात. समजा एका बाजारात 10,000 क्विंटल आवक आणि दर 1500 रुपये आहे, दुसऱ्यात 100 क्विंटल आणि 2500 रुपये. दोन दरांची साधी सरासरी 2000 येते, पण आवकेनुसार भार दिल्यास ती सुमारे 1510 येते. शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या भावाविषयी यांपैकी कोणती सरासरी खरे बोलते, हा प्रश्न वहीत सविस्तर लिहून सोडवावा.

शेवटच्या दोन आठवड्यांत जुने स्वाध्याय धड्यांच्या क्रमाने पुन्हा सोडवू नयेत. धड्याचे नाव माहीत असले की कोणती पद्धत वापरायची हे आधीच कळलेले असते, आणि परीक्षेत नेमकी तीच मदत मिळत नाही. म्हणून उदाहरणे चिठ्ठ्यांवर उतरवून पिसावीत आणि प्रत्येक चिठ्ठी उचलल्यावर गणित करण्याआधी तीन गोष्टी लिहाव्यात: गट एक आहे की दोन, प्रश्न सरासरीचा आहे की प्रमाणाचा (किती टक्के असा), आणि दोन गट असल्यास ते स्वतंत्र आहेत की त्याच व्यक्तींची आधीची आणि नंतरची मोजमापे आहेत. ही तीन उत्तरे सलग 20 चिठ्ठ्यांवर न अडखळता लिहिता आली, की आकडेमोडीच्या सरावाकडे वळावे.