स्पूलर रीस्टार्ट करायच्या आधी

नाशिकात छापखाना म्हटलं की लोकांना नाशिक रोडचा नोटांचा छापखाना आठवतो. माझ्या वाट्याला आला तो अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात चलान छापणारा डिस्पॅचचा प्रिंटर. सिस्टिम अ‍ॅडमिनची पहिलीच नोकरी, रुजू होऊन महिनाही झाला नव्हता.

फोन कधीच 'प्रिंट येत नाही' असा येत नाही, हे आधी लक्षात घ्या. अकाउंट्सवाले म्हणाले, "सर, ईआरपी हँग आहे." (ईआरपी म्हणजे बिलं-स्टॉक सांभाळणारं कंपनीचं सॉफ्टवेअर.) स्टोअर्समधून, "नेट गेलंय का?" शेवटी डिस्पॅचच्या भाऊंनी खरी बातमी दिली : "साहेब, चलान निघेना, तीन गाड्या गेटवर उभ्यात." सर्व्हरवर टास्क मॅनेजर उघडला, तर सीपीयू 100 टक्के आणि सगळ्यात वर स्पूलएसव्ही.ईएक्सई, म्हणजे छापायची कामं रांगेत लावून प्रिंटरकडे पाठवणारी विंडोजची प्रिंट स्पूलर सर्व्हिस.

मी तेच केलं जे तुम्हीही कराल. सर्व्हिस थांबवली, सिस्टिम32 मधल्या स्पूल फोल्डरातलं 'प्रिंटर्स' रिकामं केलं, सर्व्हिस पुन्हा चालू. सीपीयू झटकन खाली, गाड्या रवाना, माझी कॉलर ताठ. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवडाभर मी रोज हेच करत होतो, आणि रोज स्वतःच्या हाताने पुरावा पुसत होतो.

आमचे सीनियर तसे कमी बोलणारे. ते मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हात लावू नकोस. आकडा बघ." सर्व्हरला चार कोअर. स्पूलरचा आकडा 25 वर येऊन चिकटला होता, अजिबात हलत नव्हता. थोड्या वेळाने 50, मग 75. चार कोअरच्या मशीनवर 25 म्हणजे एक अख्खा कोअर, म्हणजे एक थ्रेड (प्रोग्राममधला कामाचा एक धागा) स्वतःभोवती गोल फिरतोय. खऱ्या कामाचा लोड असा नसतो, तो वरखाली नाचतो. पायरीपायरीने चढणारा आकडा म्हणजे दर अडकलेल्या जॉबमागे एक थ्रेड वाया.

पुढचं काम प्रोसेस एक्सप्लोररचं. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्समधलं हे फुकट टूल आहे, पहिल्याच दिवशी उतरवून ठेवा. अ‍ॅडमिन म्हणून चालवायचं, स्पूलरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'थ्रेड्स' टॅब, सीपीयूप्रमाणे क्रम लावायचा आणि वरच्या थ्रेडचा 'स्टॅक' उघडायचा, म्हणजे तो थ्रेड कुठल्या कोडमधून कुठे पोचलाय त्याची यादी. विंडोजच्या स्वतःच्या डीएलएलची (कोडच्या फाइलींची) रांग दिसते आणि मध्येच एखादं परकं नाव. आमच्याकडे ते प्रिंटर कंपनीच्या जुन्या ड्रायव्हरचं निघालं. स्पूलर बिचारा हमाल, ओझं ड्रायव्हरचं.

मग पीसीवर काही नाही आणि सर्व्हरवरच का? कारण आमचे लोक रिमोट डेस्कटॉपने सर्व्हरवर येऊन ईआरपी चालवायचे. ड्रायव्हरचं पान रंगवायचं काम, म्हणजे मजकूर प्रिंटरला कळेल अशा रूपात आणणं, तिथेच होत होतं.

खात्री करायला सीनियरनी प्रिंट मॅनेजमेंटमध्ये त्या ड्रायव्हरचं आयसोलेशन 'आयसोलेटेड' केलं. सर्व्हर 2008 आर2 पासून ही सोय आहे. ड्रायव्हर मग स्पूलरच्या पोटात न राहता प्रिंटआयसोलेशनहोस्ट नावाच्या वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतो. पुढच्या वेळी सीपीयू त्या प्रोसेसने खाल्ला, स्पूलर शांत, बाकीचे प्रिंटर चालू. संशय फिटला. पण आयसोलेशन म्हणजे आजारी माणसाला वेगळ्या खोलीत ठेवणं. औषध म्हणजे ड्रायव्हर बदलणं, आणि जुना नुसता प्रिंटर डिलीट करून जात नाही, 'ड्रायव्हर पॅकेज'सकट काढावा लागतो. आम्ही त्याच कंपनीचा नवा युनिव्हर्सल ड्रायव्हर टाकला.

जाता जाता दोन गोष्टी. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये प्रिंटसर्व्हिसचा 'ऑपरेशनल' लॉग मुळात बंद असतो. तो आजच चालू करा, त्रास सुरू झाल्यावर करून मागचं काही हाती लागत नाही. आणि ज्या सर्व्हरवरून छपाई होतच नाही, विशेषतः डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचं लॉगिन तपासणारा सर्व्हर), तिथे स्पूलर बंदच ठेवा. 2021 च्या जुलैमधलं प्रिंटनाइटमेअर नावाच्या सुरक्षा-त्रुटीचं प्रकरण या सर्व्हिसमधूनच झालं होतं.

राहिला प्रश्न, अडकत कोणता जॉब होता? 'प्रिंटर्स' फोल्डरात दर जॉबच्या दोन फाइली असतात : एसपीएलमध्ये छापायचा मजकूर, एसएचडीमध्ये कोणी, कुठे, किती प्रती. आता मी शहाणा झालो होतो. पुसण्याआधी त्या बाजूला कॉपी केल्या होत्या. सर्व्हिस थांबवून एकेक जोडी परत ठेवली आणि सर्व्हिस चालू केली, की तो जॉब पुन्हा रांगेत लागतो. जुना ड्रायव्हर टेस्ट मशीनवर टाकून, तोच प्रिंटर जोडून, मी दुपारभर हा उद्योग केला. चौथ्या जोडीला आकडा 25 वर चिकटला : एका गिऱ्हाईकाचं चलान, त्यावरचा पत्ता तेवढा देवनागरीत.

त्या आधीच्या तीन जोड्या मात्र निरोगी होत्या. ट्रेमधला कागद काढून ठेवायला मी विसरलो होतो. भाऊंचा फोन आला, "साहेब, काल गेलेल्या गाडीचं चलान आज परत आलंय. माल पुन्हा भरायचा का?"