आवाज मागे पडत होता तेव्हा

पदविकेच्या दुसऱ्या सत्रात मी कोल्हापुरातील बापट कॅम्प येथील एका मूर्तिकारांची 20 मिनिटांची मुलाखत मोबाइलवर चित्रित केली आणि आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला. संकलनाला बसल्यावर सुरुवातीच्या टाळीवर दोन्ही जुळवले. पहिली काही मिनिटे सर्व ठीक होते, परंतु शेवटाकडे काका शाडूच्या गोळ्यावर थाप मारून हात उचलत आणि मग ती थाप ऐकू येई. आवाजाचे तुकडे करून ते सरकवण्यात माझे दोन दिवस गेले, आणि तो उपाय मुळातच चुकीचा होता.

फाइलची तांत्रिक माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली, तेव्हा फ्रेम रेटसमोर (दर सेकंदाला किती चित्रे, म्हणजे फ्रेम, यासमोर) ‘व्हेरिएबल’ (बदलता) असे दिसले. मोबाइल प्रकाशानुसार दोन फ्रेममधील अंतर कमी-अधिक करतो, तर संकलनाचे सॉफ्टवेअर ते बऱ्याचदा समान धरून चालते; त्यामुळे चित्र आणि आवाज हळूहळू एकमेकांपासून सरकतात. म्हणून हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट 30 व ‘कॉन्स्टंट’ (स्थिर) निवडून, आरएफ (चित्राचा दर्जा ठरवणारा आकडा) 18 ठेवून नवी फाइल तयार केली. मूळ फाइल अर्थातच जपून ठेवली. नव्या फाइलवर काकांची शेवटची थापही अचूक जुळली, आणि त्या क्षणी मला झालेला आनंद अजून आठवतो. आता मुलाखतीच्या शेवटीही मी एक टाळी वाजवून घेतो, म्हणजे आवाज किती सरकला हे लगेच कळते.