फोनवरचं टेक्निकल सपोर्ट : पहिल्या नोकरीत पाऊल ठेवण्याआधी

ब्रॉडबँडच्या मराठी-हिंदी प्रोसेससाठी, म्हणजे एका कंपनीच्या ग्राहकांचे कॉल घेण्याच्या कामासाठी, नवीन बॅच आली की ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, माझं बी.कॉम. झालंय, कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नाही. मला जमेल का?" जमेल. राउटर कसा चालतो हे काही दिवसांत शिकवता येतं. वेळ लागतो तो वेगळ्याच गोष्टीला. जो डबा आपल्याला दिसत नाही, त्याच्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला नेमकं काय विचारायचं, हे यायला हवं. मी हेडसेट लावून कॉल घेतच इथवर आले आणि आता नव्यांना शिकवते. या कामातलं खरं तांत्रिक कौशल्य हेच, असं माझं ठाम मत आहे.

आधी नोकरी शोधण्याबद्दल. पुण्यात खराडी, मगरपट्टा, येरवडा, विमाननगर, हिंजवडी, नवी मुंबईत ऐरोली, मुंबईत मालाड या भागांत अशा कंपन्या एकगठ्ठा सापडतात. डोमेस्टिक प्रोसेस म्हणजे भारतातले ग्राहक, बहुतेक दिवसपाळी आणि मराठी-हिंदी. इंटरनॅशनल प्रोसेसमध्ये पगार जास्त, पण इंग्रजी उच्चारांची परीक्षा आणि रात्रपाळी. अमेरिकन प्रोसेस असेल तर तिथली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे जातात, त्यासोबत आपली शिफ्टही सरकते. गावाकडून आलेल्या, मराठी स्वच्छ बोलणाऱ्या मुलांनी डोमेस्टिकला कमी लेखू नये. सांगली-जळगावच्या ग्राहकाशी त्याच्या भाषेत बोलणारा माणूस तिथे हवाच असतो.

नोकरी लावून देतो म्हणून कुणी पैसे मागितले, ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेतो म्हणालं, तर उठून या. याहून मोठा धोका बनावट सपोर्ट सेंटरचा. "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे" असं परदेशातल्या म्हाताऱ्या माणसांना सांगून पैसे उकळणारी ही टोळकी बाहेरून अगदी आपल्या ऑफिससारखीच दिसतात. ओळखायची कशी? नियुक्तीपत्र नाही, पगार रोखीत, कॉलवर स्वतःचं खोटं नाव आणि कुठल्यातरी बड्या कंपनीचं नाव सांगायची सक्ती, ग्राहकाला एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर (लांबून कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर) घ्यायला लावून पैसे गिफ्ट कार्डने मागायचे. यातलं एक जरी दिसलं तरी तिथे थांबू नका. छापा पडतो तेव्हा फोनवर बसलेली मुलंही पकडली जातात.

ऑफर लेटरवरचा सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च, आणि हातात येणारा पगार यांत फरक असतो, तो आधीच समजून घ्या. मूळ वेतनाच्या १२ टक्के तुमचा पीएफ कापला जातो, आणि मालकाचा हिस्साही बहुधा सीटीसीतच धरलेला असतो. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआयसीचे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे, ०.७५ टक्के जातात. ते वाया गेले असं समजू नका, आईवडील तुमच्यावर अवलंबून असतील तर त्यांनाही त्यातून उपचार मिळू शकतात. व्यवसाय कर पुरुषांना महिना साधारण २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना २०२३ पासून तो माफ आहे. इन्सेंटिव्हचा आकडा घरी सांगताना पगारात मिळवून सांगू नका, तो दर महिन्याला येतोच असं नाही.

मुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या एका बीपीओ कर्मचारी तरुणीचा कॅबचालकाने साथीदाराबरोबर खून केला. कॅबमध्ये गार्ड, जीपीएस, मुलगी एकटी पहिली पिकअप किंवा शेवटचा ड्रॉप नको, हे नियम आज कंपन्या का पाळतात हे त्यावरून कळेल. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि दारापर्यंत सोडण्याची व्यवस्था मालकाची असते. मुलाखतीतच विचारा. विचारल्याने कुणाची नोकरी जात नाही. जात असेल तर ती नोकरी घेण्यासारखी नव्हती.

ट्रेनिंग साधारण असं चालतं : आधी क्लासरूम, मग मॉक, म्हणजे सरावाचे कॉल आणि सर्टिफिकेशन, मग नेस्टिंग. नेस्टिंगमध्ये खरे कॉल येतात, पण शेजारी अनुभवी माणूस असतो. नंतर फ्लोअर, म्हणजे आपले आपण कॉल घेणं.

आता कॉल. "नेट बंद आहे" हे वाक्य तुम्ही दिवसभर ऐकाल आणि दरवेळी त्याचा अर्थ वेगळा असेल. डब्याला वीजच नाही, फायबर तुटलीय, रिचार्ज संपलाय, वायफायचा पासवर्ड बदललाय, किंवा सगळं चालू आहे आणि एकच वेबसाइट उघडत नाही. म्हणून पहिला प्रश्न : "सगळ्याच मोबाइलवर बंद आहे की एकाच?" दुसरा : "काल चालू होतं का, मधे काय झालं?" बरेचदा इथेच उत्तर मिळतं. वीज गेली होती, घर रंगवायला काढलंय, पोराने डबा टेबलावरून खिडकीत ठेवलाय.

मग दिवे. नवीन मुलं विचारतात, "लाईट लागलाय का?" याला ग्राहक "हो" म्हणतो, कारण कुठला ना कुठला दिवा लागलेला असतोच. त्याऐवजी म्हणा, "काका, डब्यासमोर उभे राहा आणि डावीकडून एकेक दिवा मला सांगा. रंग कुठला, स्थिर आहे की लुकलुकतोय?" असा प्रश्न विचारला की समोरचा माणूस खरंच बघतो. 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर प्रकाशाचा सिग्नल डब्यापर्यंत पोचत नाही, म्हणजे लाईन तुटली, दुमडली किंवा कनेक्टर निसटला. तिथे पासवर्ड बदलून काही होणार नाही, तक्रार फील्डला, म्हणजे जागेवर जाऊन दुरुस्ती करणाऱ्यांकडे, पाठवायची. 'पॉन', म्हणजे फायबर लाईनचा दिवा, स्थिर हिरवा आणि इंटरनेटचा दिवा बंद असेल तर लाईन ठीक आहे; लॉगिनमध्ये, म्हणजे पीपीपीओईच्या युजरनेम-पासवर्डमध्ये किंवा खात्यात गडबड आहे. मॉडेलप्रमाणे नावं आणि रंग बदलतात, म्हणून आपल्या कंपनीच्या डब्यांचे फोटो पहिल्या आठवड्यातच डोळ्यांत बसवून घ्या.

"वायर नीट लागलीय का?" हा असाच निरुपयोगी प्रश्न. माणूस न बघता "हो" म्हणतो, शिवाय आपल्याला वेड्यात काढताहेत असंही त्याला वाटतं. "अ‍ॅडॉप्टर या सॉकेटमधून काढून शेजारच्या सॉकेटला लावता का?" असं काम सांगा. सैल पिन, मेलेला सॉकेट, टीव्हीच्या बॉक्सशी अदलाबदल झालेला अ‍ॅडॉप्टर, सगळं यात उघडं पडतं. फक्त हिरव्या टोकाच्या बारीक फायबरला हात लावायला सांगू नका. तिच्यातून जाणारा लेसरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, आणि टोकात डोकावणं चांगलं नाही. बारीकशी धूळ बसली तरी सिग्नल पडतो, ते वेगळंच.

रीस्टार्ट आणि रीसेट यांतला फरक सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नका. रीस्टार्ट म्हणजे मागचं बटण बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करणं. रीसेट म्हणजे टाचणीने दाबायचं ते छोटं भोक. ते दाबलं की डब्यातली सगळी सेटिंग पुसली जाते, लॉगिनही जातं, आणि जिथे कंपनी लांबूनच सेटिंग परत भरू शकत नाही तिथे पाच मिनिटांच्या कामासाठी माणूस पाठवावा लागतो. ग्राहकाला नुसतं "रीसेट करा" म्हणालात तर तो बिचारा टाचणीच शोधतो. "बटण बंद करा, मी सांगेन तेव्हा चालू करा" एवढंच म्हणा.

डबा परत सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं जातात. ही मिनिटं मुकाट घालवली की क्वालिटीवाले, म्हणजे कॉल ऐकून तपासणारे, डेड एअर (कॉलवरची शांतता) म्हणून गुण कापतात. मला जास्त लागतं ते हे की समोरच्याला फोन कट झाल्यासारखं वाटतं. तेवढ्यात विचारा, डबा कुठल्या खोलीत आहे, नेट मुख्यतः कशाला लागतं. प्रवेशाचा फॉर्म भरायची शेवटची तारीख आहे असं कळलं तर मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करायला मदत करा. लाईन दुरुस्त व्हायची तेव्हा होईल, त्या घरचं आजचं काम तर अडत नाही.

"शंभरचा प्लॅन घेतला आणि डाउनलोड बाराच दाखवतंय" ही तक्रार ऐकून गोंधळू नका. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, डाउनलोड बऱ्याचदा मेगाबाइटमध्ये दिसतं. ८ बिटांचा १ बाइट, म्हणजे १०० चे १२.५. हिशेब बरोबर आहे. खरोखर कमी येत असेल तर आधी लॅन केबल लावून मोजायला सांगा. केबलवर पूर्ण आणि वायफायवर कमी, तर भिंती आणि बँड बघायचे. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातं पण हळू असतं, आणि अपार्टमेंटमध्ये शेजाऱ्यांच्या गर्दीत अडकतं. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीपलीकडे दमतं. लॅपटॉपचा आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही, पुढचं काही तपासण्याआधी ते सोडवा.

युजरनेम लिहून घेताना "बी की डी की पी" यात गोंधळ होतो. ए, बी, सीसाठीचे अल्फा, ब्राव्हो, चार्ली हे शब्द पाठ करा, पण ग्राहकाशी "बी, बारामतीतला बी" असंही चालतं. आणि ओटीपी कधीही विचारू नका. काही ग्राहक आपणहून वाचून दाखवायला लागतात, त्यांना तिथेच थांबवा आणि तो कुणालाच सांगायचा नसतो हे समजावून सांगा. पडताळणी न करता खात्याची माहिती दिली तर ऑडिटमध्ये फेटल, म्हणजे कॉलचे सगळे गुण शून्य. मला हा नियम पूर्ण पटतो.

रागावलेला माणूस. तीन दिवस नेट नाही, चौथ्यांदा फोन करतोय, आणि प्रत्येकाने त्याला रीस्टार्ट करायला लावलंय. त्याचा राग रास्त आहे. स्क्रिप्टमधलं "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" त्याने तीनदा ऐकलेलं असतं. आधीची नोंद उघडा आणि म्हणा, "सोमवारी तुमची तक्रार नोंदली, मंगळवारी माणूस येणार होता, आला नाही, बरोबर?" आपलं गाऱ्हाणं कुणीतरी वाचलंय हे कळलं की आवाज उतरतो. मग जे माहीत आहे तेवढंच सांगा. "संध्याकाळपर्यंत होऊन जाईल" हे आपल्या हातात नसेल तर बोलू नका, संध्याकाळी तोच फोन तुमच्या सहकाऱ्याला येतो. तक्रार क्रमांक सावकाश, लिहून घेता येईल असा द्या. शिवीगाळ मात्र ऐकून घ्यायची गरज नाही. सूचना देऊन कॉल बंद करायची पद्धत प्रत्येक ठिकाणी ठरलेली असते, ती टीएलकडून, म्हणजे टीम लीडरकडून, पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या.

म्हणूनच नोंद नीट लिहा. "नेट बंद, चेक केले" याचा उपयोग शून्य. "एलओएस लाल, काल रात्री वाऱ्यापासून, अ‍ॅडॉप्टर ठीक, रीस्टार्ट केला, फरक नाही, दुपारी २ नंतर घरी आहेत" असं लिहिलंत तर पुढचा माणूस तेच सगळं परत विचारणार नाही.

एएचटी (एका कॉलला लागणारा सरासरी वेळ), सीसॅट (ग्राहकाचं समाधान), एफसीआर हे आकडे रोज बोर्डावर दिसतील. सुरुवातीला एएचटी वाढेलच. एफसीआर, म्हणजे पहिल्याच कॉलमध्ये प्रश्न सुटणं, याकडे आधी लक्ष द्या. हात बसला की कॉल आपोआप आटोपशीर होतात. घशासाठी कोमट पाणी जवळ ठेवा, हेडसेटचा आवाज कमी ठेवा. रात्रपाळी असेल तर सुट्टीच्या दिवशीही झोपेची वेळ फार हलवू नका.

वर्षभराने पुढचं बघा. लाईन आणि आयपी आवडू लागले असतील तर सीसीएनए ही नेटवर्किंगची परीक्षा देऊन एनओसी (नेटवर्कवर लक्ष ठेवणारा विभाग) किंवा एल-टूकडे, म्हणजे सपोर्टच्या पुढच्या पातळीकडे, जाता येतं, माणसं आवडत असतील तर ट्रेनर किंवा टीएल. सोडताना रिलीव्हिंग लेटर घ्या आणि नव्या ठिकाणी तोच यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, द्या.

आणि त्याआधी, फ्लोअरवर आल्यावर लवकरात लवकर, टीएलच्या परवानगीने फील्ड इंजिनिअरबरोबर एक दिवस फिरून या. मी गेले होते. खांबावरच्या डब्यातून घराघरांत गेलेल्या फायबर बघितल्या, केसाएवढी काच दोन टोकांनी वितळवून जोडताना बघितली, पॉवर मीटरवर उणे २८ चा, म्हणजे सिग्नल फारच कमी असल्याचा, आकडा दिसल्यावर इंजिनिअर कुठे हात घालतो तेही बघितलं. त्या दिवसापासून एलओएस लाल म्हटलं की मी आधी विचारते, "ताई, आज तुमच्या गल्लीत खोदकाम, पत्र्याचं काम किंवा झाडाच्या फांद्या तोडणं चाललंय का?" उत्तर "हो" आलं की ते तक्रारीत पहिल्याच ओळीत लिहिते, आणि इंजिनिअर घरात न शिरता थेट खांबाकडे जातो.