कस्टम रायफलचा ग्रुप फुटतोय? बॅरलवर खापर फोडण्याआधी या चुका टाळा

नवा स्टॉक (रायफलचा दस्ता, ज्यात बॅरल बसतं) बसवून आणलेली .२२ रायफल ५० मीटरवर ग्रुप धरेना, म्हणजे गोळ्या टार्गेटवर एका जागी जवळजवळ लागेनात, की पहिलं वाक्य ठरलेलं: "सर, बॅरल गेलं वाटतं." बॅरल असं जात नसतं. .२२ची गोळी मऊ शिशाची, चांगलं मॅच बॅरल हजारो गोळ्या झाडूनही टिकतं. जिथे नुकताच हात घातलाय तिथे आधी बघा. नव्वद टक्के वेळा म्हणजे स्टॉक आणि त्याचे स्क्रू.

नाशिकमध्ये हे फार दिसतं, कारण अंबड आणि सातपूर या औद्योगिक वसाहती हाताशी आहेत. ड्रॉइंग नेऊन दिलं की ॲल्युमिनियमचा स्टॉक सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, निघतो, आणि काम खरोखर सुबक असतं. पण मशीनवरच्या माणसाला ड्रॉइंग कळतं, रायफल कळायचं कारण नाही. ती जबाबदारी तुमची. (स्टॉक, गाल टेकवायचा चीकपीस, खांद्याला टेकणारी बटप्लेट इथपर्यंत ठीक. बॅरल, ॲक्शन (बोल्ट आणि चेंबर असलेला मधला भाग) आणि ट्रिगरच्या आतल्या भागांना परवानाधारक गनस्मिथशिवाय कोणीही हात लावायचा नाही. यात सूट नाही.)

सिडकोतल्या एका मुलाची गोष्ट सांगतो. नवा स्टॉक, नवी साइट, आणि टार्गेटवर एकाऐवजी दोन ग्रुप, एक वर आणि एक खाली. मधे काहीच नाही. त्याने आठवडाभरात गोळ्यांचा ब्रँड बदलला, स्लिंगची (हाताला आधार देणाऱ्या पट्ट्याची) जागा बदलली, चीकपीस वर घेतला, फ्रंट साइटची रिंग मोठी केली. वडील नव्या बॅरलची किंमत विचारत फिरत होते. मी विचारलं, "ॲक्शन स्क्रू बघितलेस?" (ॲक्शन स्टॉकला धरून ठेवणारे ते स्क्रू.) तर म्हणे, "सर, टॉर्क रेंचने आवळलेत, क्लिक येतो." ठरवलेला टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, गाठला की हा पाना क्लिक करतो. क्लिक येत होता, हे खरं. बोल्ट काढला, चेंबर रिकामं असल्याची खात्री केली, पुढचा स्क्रू बाहेर घेतला, टोकाला मार्करची शाई लावून पुन्हा आवळला आणि काढला. टोकावरची शाई पुसलेली! जुन्या लाकडी स्टॉकपेक्षा नव्याचा तळ पातळ होता आणि स्क्रू तोच जुना. तो भोकाच्या तळाला जाऊन टेकत होता. रेंचला वाटत होतं घट्ट झालं, ॲक्शन मात्र स्टॉकवर दाबली जातच नव्हती. दर शॉटला ती किंचित हलून दोनपैकी एका जागी बसायची, म्हणून दोन ग्रुप. योग्य लांबीचा स्क्रू घातला आणि त्याच दिवशी, त्याच गोळ्यांनी ग्रुप एक झाला.

हे नेहमी तपासा. दुसरी तपासणी डायल गेजची, म्हणजे बारीक हालचाल काट्याने दाखवणाऱ्या मापकाची, आणि अंबडमध्ये डायल गेज नसलेलं वर्कशॉप सापडणं अवघड. गेज बॅरलला पकडायचं, टोक स्टॉकच्या पुढच्या भागाला टेकवायचं आणि एकेक स्क्रू सैल करायचा. काटा दोन-चार शतांश मिलिमीटरपेक्षा जास्त हलला तर ॲक्शन स्टॉकमध्ये वाकून बसतेय, म्हणजे बेडिंग (ॲक्शनची स्टॉकमधली बैठक) चुकलंय. असा स्टॉक कितीही आवळा, रायफल सरळ वागणार नाही. स्क्रूचा टॉर्क किती, ते रायफलच्या माहितीपुस्तकात बघा. शेजारच्या लेनवाल्याला विचारू नका.

त्या मुलाची मोठी चूक स्क्रूची नव्हतीच. एका आठवड्यात चार गोष्टी बदलल्या, ही होती. ग्रुप सुधारला असता तरी कशामुळे ते कळलं नसतं. एका वेळी एकच बदल, त्यावर दहा-दहा शॉटचे काही ग्रुप, आणि वहीत नोंद: तारीख, गोळ्यांचा लॉट नंबर (एकाच वेळी बनलेल्या खेपेचा क्रमांक), टॉर्क, वारा. मी मोबाईलवर नाही, वहीतच लिहायला लावतो. तीन शॉटचा सुंदर ग्रुप दाखवायला आणू नका, त्यावरून काहीही ठरत नाही.

२०२४ला स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) कांस्य आणलं. त्याच्या नेमबाजीची सुरुवात नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीतली, म्हणजे राज्य सरकारच्या क्रीडा प्रशिक्षण केंद्रातली. त्या पदकाने मुलांना हुरूप आला याचा मला मनापासून आनंद आहे. पण तो प्रबोधिनीत आला २००९च्या सुमारास, हे कुणी मोजत नाही. ५० मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. घाईला तिथे जागा नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. एकाच ब्रँडच्या दोन लॉटमध्येही फरक पडतो, म्हणून लॉट मिसळू नका आणि जमलेला लॉट परवडेल तेवढा घेऊन ठेवा. तारेच्या ब्रशने मझलकडून (बॅरलच्या पुढच्या तोंडाकडून) बॅरल घासू नका, क्राउन, म्हणजे त्या तोंडाची कड, खराब होतो. साफसफाईनंतरचे पहिले काही शॉट मोजायचे नाहीत. साइटच्या बेसचा स्क्रू हलतोय का, ते रोज बोटाने बघा. एका वाईट शॉटवर साइटचे क्लिक फिरवून नेम बदलू नका. लाकडी स्टॉक असेल तर पावसाळा संपला की स्क्रू पुन्हा तपासा, नाशिकच्या दमट हवेत लाकूड फुगतं. मार्च-एप्रिलमध्ये अकरानंतर टेस्टिंग करू नका, तापलेल्या जमिनीवरच्या लहरींमुळे टार्गेट असतं तिथे दिसत नाही.

हे सगळं झालं, दुसऱ्या अनुभवी नेमबाजाने तीच रायफल त्याच लॉटने झाडून बघितली, आणि तरी ग्रुप उघडाच राहिला, तर भिंगातून क्राउन बघा. कडेला ओरखडा दिसला तर गनस्मिथ. नाही दिसला तरी गनस्मिथच, पण जाताना ती वही सोबत न्या. त्याचं निम्मं काम तिथेच होईल.