सुपरहिरो बनवायचाय? आधी त्याचं गाव, घर अन् अडचण ठरवा

ऑनलाइन रोलप्लेसाठी, म्हणजे एखादं कॅरेक्टर होऊन इतरांसोबत स्टोरी खेळायला, सुपरहिरो बनवायला बसलं की बहुतेक पोरं आधी पॉवर ठरवतेत. आग, वीज, उडणं, झालंच तर टाइम थांबवणं. मग कॉश्च्युम, मग एक भारी नाव, अन् सगळ्यात शेवटी घाईघाईत बॅकस्टोरी, ती पण ठरलेली, आईबाप लहानपणीच मारले गेले अन् आता हा बदला घेणार. अशा कॅरेक्टरसोबत खेळणाऱ्याला काहीच हाती लागत नाही, कारण दुःख त्याचंच, दुश्मन त्याचाच, शेवटही त्यानंच ठरवलेला, समोरच्यानं नुसतं वाचून "भारी रे" म्हणायचं. बॅकस्टोरी लिहायची ती दुसऱ्या खेळाडूला तुमच्या स्टोरीत शिरता यावं म्हणून, हे एवढं डोक्यात ठेवलं की बाकी बरंच आपोआप सुटतंय.

गेम कुठला ते आधी सांगतो. डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपवर नुसतं टाइप करून खेळत असाल तरी खालचं सगळं लागू पडतं, पण मी उदाहरणं सिटी ऑफ हिरोज या ऑनलाइन सुपरहिरो गेमची देणार. हा गेम २००४ ला आला, नोव्हेंबर २०१२ मध्ये कंपनीनं बंद केला, तरी खेळणाऱ्यांनी सोडला नाही, अन् जानेवारी २०२४ मध्ये खेळणाऱ्यांनीच चालवलेल्या होमकमिंग नावाच्या सर्व्हरला कंपनीनं रीतसर लायसन्स दिलं. फुकट आहे, अन् जुना असल्यामुळं साध्या लॅपटॉपवर पण चालतो. यात कॅरेक्टर बनवताना तुम्हाला ओरिजिन निवडावं लागतं, म्हणजे शक्ती कुठून आली ते. पाच पर्याय आहेत, नॅचरल, मॅजिक, सायन्स, म्युटेशन अन् टेक्नॉलॉजी. लोकं इथं पटकन एक क्लिक करून पुढं जातेत. तसं करू नका, इथं थांबा, कारण एकच माणूस, एकच शक्ती, पण ओरिजिन बदललं की पूर्ण वेगळी स्टोरी निघते.

आता एक कॅरेक्टर पहिल्यापासून बनवून बघू, म्हणजे समजेल.

आपल्याकडं पाणाड्या सगळ्यांनी बघितलाय. बोअर घ्यायच्या आधी त्याला बोलवायचं, तो तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतात फिरतो, नारळ उभा राहिला की म्हणतो इथं मारा. मग ती तामिळनाडूकडची बोअरची गाडी येते, रात्रभर धडधड, पांढरी भुकटी सगळ्या वावरात, अन् सहाशे फुटावर पण नुसता फुफाटाच निघाला की घरात कुणी कुणाशी बोलत नाही. हे सगळं माहिती असलेलं मराठवाड्यातलं पोरगं जेव्हा सुपरहिरो बनवायला बसतं तेव्हा न्यूयॉर्कच्या लॅबमधला अपघात कामून लिहितं, हे मला खरंच कळत नाही.

तर आपली हिरो पाणाड्याची नात. नाव रेणुका, गाव औसा तालुक्यातलं, नाव काहीपण काल्पनिक ठेवा. २०१६ ला ती बारा वर्षांची, शिकायला लातूरला मामाकडं. त्या वर्षीचं लातूर ज्यानं बघितलं त्याला सांगायची गरज नाही, पाण्याच्या टाक्यांभोवती कलम १४४ लावलं होतं, अन् एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, पहिल्या गाडीला १० वाघिणी, ५ लाख लिटर. रेणुका घागर घेऊन लाइनीत उभी आहे, पायात चप्पल नाही, अन् तिला तळपायातून कळायलंय की खाली पाणी आहे, डाव्या बाजूला, लई खोल, हळूहळू सरकणारं. आजोबाला नारळ लागायचा, हिला नुसते पाय पुरतेत.

इथपर्यंत झाली पॉवर. आता तिची किंमत ठरवा, म्हणजे पॉवर वापरली की काय जातं ते. अन् ही किंमत वरून चिकटवू नका, पॉवरच्या पोटातून निघाली पाहिजे. आपल्या भागात खाली काळा बेसाल्ट आहे, पाणी त्याच्या भेगांत अन् मुरमाच्या थरात अडकलेलं असतंय, थोडंच असतंय, म्हणून एकानं खोल बोअर मारला की शेजारच्याची विहीर उतरते. मग रेणुकाचं पण तसंच ठेवा. ती पाणी बोलावू शकते, पण नवीन पाणी तयार करू शकत नाही. तिनं इथं झरा फोडला की तिकडं कुणाचा तरी हापसा कोरडा पडणार, अन् कुणाचा ते तिला आधी कळत नाही.

बघा आता काय झालं. दुसऱ्या खेळाडूला शिरायला किती जागा तयार झाल्या. एखादा म्हणेल माझं कॅरेक्टर त्या कोरड्या विहिरीवाल्याचं पोरगं आहे, अन् ते हिला शोधायलंय. दुसरी म्हणेल मी भूजलवाली सायंटिस्ट, मला हिचं काय चाललंय ते मोजायचंय. तिसरा बोअरचा एजंट होईल, त्याला हिला पार्टनर करून घ्यायचंय, अन् तो वाईट पण नसेल, त्याच्या पण लेकराची फी भरायची असेल. हे तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, तुम्ही फक्त एक हापसा कोरडा पाडला.

आता ओरिजिनकडं परत या. म्युटेशन घेतलं तर आजोबाला खरंच ती शक्ती होती, रक्तातून आली, अन् मग प्रश्न येतो की आजोबाचे बोअर फेल का जायचे, जाणूनबुजून चुकीची जागा दाखवायचा का म्हातारा, शेजारच्या विहिरी वाचवायला? मॅजिक घेतलं तर कुठल्यातरी आडाचं, बारवेचं देणं आहे अन् ते कधीतरी फेडावं लागणार. नॅचरल घेतलं तर शक्तीबिक्ती काही नाही, पोरगी लहानपणापासून आजोबामागं फिरून जमीन वाचायला शिकलीय एवढंच. मला स्वतःला म्युटेशनवालं आवडतं, त्या म्हाताऱ्यामुळं.

आर्किटाइप म्हणजे टीममधलं काम. सुरुवातीच्या गेममधले पाच म्हणजे ब्लास्टर, कंट्रोलर, डिफेंडर, स्क्रॅपर अन् टँकर. पाणी म्हणलं की सगळे वॉटर ब्लास्टवाला ब्लास्टर घेतेत, लांबून फवारे मारत बसतेत. रेणुकासाठी मी अर्थ कंट्रोलवाला, म्हणजे जमिनीवर ताबा असलेला, कंट्रोलर घेईन, कारण त्यात क्विकसँड म्हणून पॉवर आहे, दुश्मनाच्या पायाखालची जमीन गाळ होते अन् त्याची चाल एकदम मंदावते, खालून पाणी वर आणणाऱ्या पोरीला हेच शोभतं. शिवाय कंट्रोलर एकटा फार मारामारी करू शकत नाही, त्याला टीम लागतेच, म्हणजे रोलप्लेला लोकं आपोआप भेटतेत.

अडचणींबद्दल अजून थोडं. चॅम्पियन्स नावाचा टेबलावर खेळायचा सुपरहिरो गेम १९८१ ला आला, त्यात कॅरेक्टरला अडचणी लावून घेतल्या की पॉवर विकत घ्यायला जादा पॉइंट मिळायचे. कुणीतरी मागं लागलंय, घरचं कुणीतरी अवलंबून आहे, एखादी शपथ आहे, सगळ्याचे पॉइंट. ही लई शहाणी पद्धत होती अन् तुमच्या गेममध्ये तसा नियम नसला तरी तुम्ही स्वतःला लावून घ्या, जेवढी मोठी पॉवर तेवढी मोठी अडचण.

अन् सगळ्यात चांगली अडचण म्हणजे जिवंत घर. आईबापाला मारू नका ओ. मेलेली आई एकदाच रडवते, जिवंत आई दर सेशनला कामाला येते. मोठी फाइट चालू आहे, बिल्डिंग पडायलीय, अन् आईचा फोन, "जेवलीस का? अन् शनिवारी येणार का, पाव्हणे बघायला यायलेत." आता रेणुका काय सांगणार? सोबतच्या खेळाडूंना हे फेकून द्या, ते त्यात उड्या मारतेत की नाही बघा. बहिणीचं लग्न, भावकीतला बांधाचा वाद, चुलत्याकडून घेतलेले पैसे, हे सगळं आपल्याला तोंडपाठ आहे.

व्हिलन पण असाच आपल्या मातीतून काढा. बीडकडची किती घरं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातेत, जायच्या आधी मुकादमाकडून उचल घेतेत अन् मग पूर्ण सीझन ती फेडतेत, कधी फिटतच नाही. आता असा व्हिलन विचारात घ्या जो पॉवर उचलीवर देतो. आज उडायला शिक, सहा महिन्यांनी मी बोलवीन तेव्हा यायचं. त्याला मारामारी करायची गरजच नाही, त्याच्याकडं वही आहे. अन् तुमच्या टीममधल्या एखाद्याचं नाव त्या वहीत आधीपासूनच असेल तर? हे त्या खेळाडूला आधी खाजगीत विचारून घ्या मात्र, न विचारता दुसऱ्याच्या कॅरेक्टरचा भूतकाळ ठरवणं म्हणजे दादागिरी झाली. दुश्मन मनासारखा बनवायची हौसच असेल तर २००९ चा चॅम्पियन्स ऑनलाइन बघा, त्यात लेव्हल २५ ला तुमचा स्वतःचा नेमेसिस, म्हणजे कायमचा दुश्मन, तयार करता येतो, चेहऱ्यापासून कपड्यांपर्यंत.

काही गोष्टींना हात लावताना जपून. किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जन करून लोकं झोपलेली, पहाटे चारच्या आत सगळं गेलं. तो तुमच्या व्हिलननं घडवला असं लिहू नका. ज्यांची माणसं त्यात गेली त्यांचीच पोरं आज तुमच्या सर्व्हरवर असू शकतेत. भूकंप हवाच असेल तर सिटी ऑफ हिरोजमधल्या पॅरागॉन सिटी या शहरात फॉल्टलाइन नावाचा उद्ध्वस्त भागच आहे, तिथं खेळा, तो काल्पनिक आहे. शेतकरी आत्महत्येचं पण तसंच, नुसतं हिरोला राग यावा म्हणून बापाला फास लावू नका. लिहायचंच असेल तर मागं राहिलेल्या घराचं नीट लिहा, कर्ज, बँकेच्या चकरा, आईनं एकटीनं केलेली पेरणी, अन् ते पूर्ण खेळभर सांभाळा. देवाला पण कॅरेक्टर करू नका, खंडोबा किंवा मारुती म्हणून कुणी उतरलं की त्याला हरवणार कोण, अन् हरवलं की भांडणं ती वेगळीच. भक्त बनवा, पुजारी बनवा, त्याला चुकता पण येतं अन् हरता पण येतं.

कॉपी करू नका हे वेगळं सांगायला नको, पण कारण माहीत असावं. २००४ मध्ये मार्व्हलनं सिटी ऑफ हिरोजच्या कंपनीवर केसच टाकली होती, खेळाडू त्यांच्या हिरोंसारखे हिरो बनवतेत म्हणून, ती २००५ ला मिटली. नाव थोडं बदलून तेच पंजे अन् तेच हिरवं अंग केलं की कॅरेक्टरचं नाव उडवतेत. त्यापेक्षा आपल्याकडं नावांचा तुटवडा आहे का? रेणुकाचं हिरो नाव मी ठेवीन पाझर. छोटं आहे, हाक मारायला बरं, अन् पाझर तलाव आपल्याकडं शाळेतल्या पोराला पण माहीत असतोय.

आता लिहायचं किती? गेममध्ये बायोला, म्हणजे दुसऱ्यांना दिसणाऱ्या तुमच्या कॅरेक्टरच्या ओळखीला, जागा अंदाजे हजार अक्षरांचीच आहे अन् ते चांगलंच आहे, डिस्कॉर्डवर पण तेवढंच लिहा. पाच पानांची स्टोरी कुणी वाचत नाही. दुसऱ्याला बघून, ऐकून जेवढं कळेल तेवढंच बायोत टाका, गुपितं स्वतःच्या वहीत. साधारण असं:

"पाझर. वय बावीस, आवाज बारीक, कायम अनवाणी. रस्त्यावर मध्येच थांबते अन् खाली बघते. लातूरकडची आहे म्हणते, गावाचं नाव विचारलं की विषय बदलते. आग विझवायला बोलावलं तर येते, पण आधी आजूबाजूला विहीर, हापसा कुठं कुठं आहे ते विचारते अन् एका जुन्या डायरीत लिहून घेते. त्या डायरीत काही गावांच्या नावावर फुली आहे. बाटलीतलं पाणी कधी सांडत नाही, दुसऱ्यानं सांडलं तर चिडते. आईचा फोन आला की कुठलीही फाइट असो, उचलते."

यात कुठंच लिहिलेलं नाही की तिच्यामुळं विहिरी आटल्या. फुली कशाची, हे कुणीतरी विचारलं की खेळ सुरू.

खेळताना दोन नियम पाळाच. समोरच्यावर वार केला की तो लागला का नाही हे तो ठरवणार, "मी मारलं अन् तो मेला" असं टाइप करणं म्हणजे गॉडमोडिंग, अशा माणसासोबत दुसऱ्यांदा कुणी बसत नाही. अन् दुसऱ्याच्या बायोत वाचलेलं तुमच्या कॅरेक्टरला आपोआप माहीत नसतंय, ते मेटागेमिंग. डायरीतली फुली तुम्ही वाचली, तुमच्या हिरोनं अजून ती डायरी बघितलेली नाही. कॅरेक्टरबाहेरचं बोलायचं असेल तर डबल कंसात टाका, सगळीकडं तीच पद्धत आहे.

पहिल्या दिवशी टीम शोधायला फार फिरू नका. सिटी ऑफ हिरोजमधल्या अ‍ॅटलस पार्क या भागात सिटी हॉलसमोर मोठा पुतळा आहे, तिथं कुणी ना कुणी उभं असतंयच. जाऊन स्वतःची स्टोरी सांगू नका, समोरच्याचा बायो उघडा, वाचा, त्यातली एक अशी गोष्ट पकडा जी तुमच्या कॅरेक्टरला डोळ्यांनी दिसू शकते, जखम, बूट, हातातली वस्तू काहीपण, अन् त्याबद्दल त्याला एक प्रश्न विचारा.