निळा धूर दिसला म्हणून लगेच इंजिन उघडू नका

जुन्या पेट्रोल गाडीचा सायलेन्सर निळा धूर सोडू लागला की बहुतेक गॅरेजांत एकच निदान होतं: "इंजिनकाम निघालं." या सल्ल्याची मला चीड आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, एवढंच त्यावरून कळतं. ते पिस्टनच्या रिंगांमधून वर चढतंय की व्हॉल्व्ह सीलमधून (व्हॉल्व्हच्या दांड्यावरचं रबरी सील) खाली झिरपतंय, हे तपासावंच लागतं. दोन्ही कामांच्या खर्चात प्रचंड तफावत असते.

तपासणी सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या थंड गाडीवर आणि मोकळ्या जागेत सुरू करा. बंद शेडमध्ये इंजिन चालवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

काळा धूर सोपा: पेट्रोल जास्त जातंय. एअर फिल्टर, अडकलेला चोक, कार्ब्युरेटर बघा. पांढरा धूर थंडीत सुरुवातीला येतो, ती नुसती वाफ. इंजिन तापल्यावरही तो थांबत नसेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा (इंजिन ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधली सील) संशय घ्या आणि गाडी चालवणं थांबवा.

आता निळा. मला सगळ्यात जास्त झुंजवलं ते यानेच. सकाळी सेल्फ मारताच एक लोट येऊन धूर थांबतो का? दिवे घाटासारखा लांब उतार गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून उतरलात आणि खाली पुन्हा रेस देताच मागे निळा लोट आला का? मग बोट व्हॉल्व्ह सीलकडे जातं. चढावर, लोड असताना सतत धूर येत असेल तर रिंगांकडे. पण हे झाले संशय. एवढ्यावर कोणालाही इंजिन उघडू देऊ नका. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या पोटातले वायू पुन्हा जळायला पाठवणारा) अडकला तरी इंजिन ऑइल ओढतं, म्हणून तो स्वस्त भाग आधी तपासा.

मग कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजणं, तीही दोनदा. इंजिन तापवा, इग्निशन आणि इंधन बंद करा, सगळे प्लग काढा आणि एकेका भोकात प्रेशर गेज लावा. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, काटा स्थिरावेपर्यंत सेल्फ मारा आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहा. बॅटरी अशक्त असेल तर आकडे खोटे येतात. नंतर कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा ठळक वाढला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेत. नाही वाढला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत किंवा गॅस्केट गेलंय. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी असतील तर गॅस्केटच आधी बघा.

सगळे आकडे चांगले आणि तरीही सकाळचा निळा लोट? बहुधा सीलच. सील गळत असले तरी कॉम्प्रेशन उत्तम येतं. मारुती ८०० सारख्या गाडीत हेड न उतरवताही सील बदलता येतात. मात्र त्याच वेळी व्हॉल्व्ह हाताने हलवून बघायला लावा. गाइड (ज्या नळीत व्हॉल्व्हचा दांडा सरकतो ती) ढिले असतील तर नवे सीलही लवकर जातील.

"जाड ऑइल टाका, धूर थांबेल," हा सल्ला ऐकू नका. धूर काही दिवस लपतो, झीज चालूच राहते. पीयूसीची पावतीही पुरावा नव्हे: पेट्रोल गाडीत तिथे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, ऑइल कुठून येतंय ते नाही.

आवाजाचं काम त्यामानाने सरळ आहे. वरून येणारी बारीक टिकटिक: टॅपेट सेटिंग. सुरू करताना किंचाळी: बेल्ट. एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळची (इंजिनातून धूर बाहेर नेणारा पहिला भाग) फटफट इंजिन तापल्यावर कमी होत असेल तर तिथलं गॅस्केट फुटलंय. पण इंजिनच्या पोटातून, रेस दिल्यावर वाढणारी जड ठकठक आली, तर तो कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा आवाज असू शकतो. लगेच इंजिन बंद करा, डिपस्टिकवर ऑइल बघा, आणि लेव्हल बरोबर असली तरी गाडी टो करूनच न्या.