गिऱ्हाईक परत का येत नाही, आणि काउंटरवरचं माणूस कसं तयार करायचं

मागच्या जुलैत मी मिक्सर घ्यायला पणजीतल्या एका मोठ्या दुकानात गेले होते. घरी आम्ही आठ माणसं, रोज नारळाचं वाटप, म्हणून तिथल्या मुलाला विचारलं, "रोजच्या दीड नारळाच्या वाटपाला यातलं कुठलं टिकेल रे?" त्याने खोका फिरवला आणि वाचून दाखवलं, "सातशे पन्नास वॅट." "आणि हे पाचशेवालं?" त्याने दुसरा खोका फिरवला. "यावर ऑफर आहे." मी विचारलं, "तू यातलं एखादं चालवून बघितलंयस का?" तो म्हणाला, "खोका उघडायला परवानगी नाही, मॅडम."

मी मिक्सर न घेता घरी आले, पण त्या मुलाचा राग आला नाही. म्हापशाच्या बाजारात सासऱ्यांनी घातलेल्या भांड्यांच्या दुकानात मी २६ वर्षं गल्ल्यावर बसते. "आजकालच्या पोरांना गिऱ्हाइकाशी बोलायची रीत नाही" हे आजूबाजूच्या पसरकारांकडून, म्हणजे दुकानदारांकडून, मी रोज ऐकते, आणि मला ते पटत नाही. पोरं पूर्वी होती तशीच आहेत. आधी आम्ही मालकांनी त्यांची मालाशी असलेली ओळख तोडली, मग स्वतःच्या डोक्याने काही ठरवायची मुभा काढून घेतली, आणि शेवटी बसायचं स्टूलसुद्धा उचलून नेलं. एवढं झाल्यावर तोंडावर हसू ठेव म्हणून सांगायला आपल्याला तोंड कुठे आहे?

हे फक्त गोव्यात झालं असंही नाही. पूर्वी सगळीकडेच गिऱ्हाईक यादी द्यायचं आणि दुकानातला माणूस फळीवरून माल काढून द्यायचा. १९१६ साली अमेरिकेत मेम्फिस शहरातल्या एका किराणा दुकानाने टोपली गिऱ्हाइकाच्याच हातात दिली. १९७४ साली ओहायोतल्या एका दुकानात च्युइंगमच्या पाकिटावरच्या काळ्या रेघा पहिल्यांदा यंत्राने वाचल्या, आणि भाव पाठ असायची गरजच उरली नाही. दोन्हींत सोय आहे. बारकोड माझ्याही दुकानात आहे आणि तो मी काढणार नाही. पण ज्या माणसाला भाव माहीत असावा लागत नाही, माल काढून दाखवावा लागत नाही, त्याला शिकवण्यात वेळ कोण घालवणार? शिकवलं नाही म्हणून पगार कमी. पगार कमी म्हणून ऑक्टोबर लागला की तो किनाऱ्यावरच्या हॉटेलात जातो, किंवा कागदपत्रं झाली की तारवार चढतो, म्हणजे बोटीवर नोकरीला जातो. त्याच्या जागी नवा येतो आणि पुन्हा खोका वाचून दाखवतो.

लहान दुकानात हे थांबवता येतं. मी काय करते ते सांगते.

नव्या माणसाला पहिले आठ दिवस काउंटरवर उभं करू नका. माल हाताळू द्या. आमच्याकडे नवी मुलगी आली की आधी ती भांडी पुसते, आणि पुसता पुसता तिच्या हाताला वजन कळायला लागतं. मग मी तिला डोळे मिटायला सांगते आणि एकाच मापाची दोन पातेली हातात देते, एक पातळ बुडाचं, एक जाड. कुठलं कुठलं ते तिने सांगायचं. पितळेची कळशी बोटाच्या पेराने वाजवून दाखवते. धड असेल तर नाद घुमतो, बारीक चीर गेली असेल तर आवाज बद्द येतो. एकदा कानात बसलं की जन्मभर विसरत नाही. शनिवारी जाताना ती एक भांडं घरी घेऊन जाते आणि त्यात दूध तापवते, भाजी करते. सोमवारी काय लागलं, काय नाही, ते मला सांगते. त्या भांड्याची किंमत मी तिच्या शिक्षणात धरते.

गल्ल्याजवळ मी दोरीला बांधलेला एक लोहचुंबक ठेवला आहे. "चुंबक चिकटला म्हणजे स्टील खोटं" हा समज घेऊन कितीतरी बायका दुकानात येतात. ३०४ नंबरच्या स्टीलच्या भांड्याला साधारणपणे तो चिकटत नाही, हे खरं. पण इंडक्शन शेगडीवर भांडं तापायचं असेल तर तळाला चुंबक चिकटायलाच हवा. शिवोलीच्या एक आंटी असंच पातेलं उलटं करून बघत होत्या. चुंबक तळाला टक्कन बसला आणि त्यांनी पातेलं बाजूला सारलं, "हें फट!" म्हणजे हे खोटं. आमच्याकडे तेव्हा दोनच महिने झालेली मुलगी होती. ती म्हणाली, "आंटी, घरा गॅस काय इंडक्शन?" इंडक्शन, म्हणाल्या. तिने तोच चुंबक पातेल्याच्या बाजूला लावला, तो घसरून पडला. परत तळाला लावला, चिकटला. आणि हे असं का, ते दोन वाक्यांत सांगितलं. आंटी दोन पातेली घेऊन गेल्या. पुढच्या शुक्रवारी शेजारणीला घेऊन आल्या आणि गल्ल्याकडे न बघता सरळ त्या मुलीकडे गेल्या. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. त्या मुलीच्या चेहऱ्यावर जे होतं ते कुठल्याही हसण्याच्या ट्रेनिंगने येत नाही.

तुमचं दुकान चपलांचं असेल, कापडाचं असेल, औषधाचं असेल, तर तुमचा लोहचुंबक वेगळा असेल. कापडवाल्याने आटणारं कापड धुऊन दाखवावं, चपलांवाल्याने मुलाला तीच चप्पल पावसात वापरायला द्यावी. मालाबद्दल गिऱ्हाइकाला माहीत नसलेली एक गोष्ट आपल्याला माहीत आहे, एवढ्याने माणूस ताठ उभा राहतो.

माहितीबरोबर खरं सांगायची सवयही लावा, विक्री बुडाली तरी. आमच्या जेवणात आंबट नाही असा दिवस क्वचित. सोलं, चिंच, बिंबलं, काहीतरी असतंच. म्हणून बिनकल्हईच्या पितळेत किंवा तांब्यात आंबट शिजवू नका, साध्या ॲल्युमिनियममध्येही नको, हे सांगितल्याशिवाय भांडं बांधायचं नाही. घरगुती कुकरवर आयएसआयची खूण सक्तीची आहे. ती तोंडी सांगू नये, बोट ठेवून दाखवावी.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसले ते. गिऱ्हाईक सगळ्यात जास्त कशाने तुटतं? "मालकांना विचारते" या वाक्याने.

सहा वर्षांपूर्वी कोलवाळची एक बाई चार दिवसांपूर्वी नेलेला कुकर घेऊन आली. रिंगेतून वाफ जात होती. मी बँकेत गेले होते. दुकानातली मुलगी म्हणाली, "ताई येऊ देत, मग बघू." बाई पाऊण तास उभ्या राहिल्या. मग त्यांची बस निघाली आणि त्या कुकर घेऊन तशाच गेल्या. रिंग होती १२० रुपयांची. मुलीच्या लग्नाची सगळी भांडी त्या बाईंनी आमच्याकडून नेली होती. त्या पुन्हा आमच्या दुकानाची पायरी चढल्या नाहीत. मी मुलीला बोलणार होते, पण तिने काय करायला हवं होतं असं स्वतःला विचारलं आणि गप्प बसले. रिंग काढून द्यायचा हक्क मी तिला कधी दिलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना सांगितलं, ३०० रुपयांपर्यंतचं काहीही असो, रिंग, शिट्टी, मूठ, झाकण, पोचा आलेलं भांडं, तुम्हीच ठरवा आणि गिऱ्हाइकाला मोकळं करा. मला फोन करायचा नाही. त्यासाठी गल्ल्यात एक वही ठेवली. तारीख, वस्तू, का दिली आणि सही, बस. शनिवारी दुकान बंद झाल्यावर ती वही आम्ही सगळी मिळून वाचतो. पहिल्या महिन्यात मला धाकधूक होती. चवथीचा, म्हणजे गणपतीचा महिना, गर्दी, आणि वहीत निघाले १,१४० रुपये. त्यात दोन ठिकाणी मी दिलं नसतं. ते का, हे मी शनिवारी शांतपणे सांगितलं. पण गिऱ्हाइकासमोर मुलीचा शब्द कधीही फिरवू नका. तुम्ही एकदा पुढे होऊन "थांब, मी बघते" म्हणालात की त्या दिवसापासून ती प्रत्येक गिऱ्हाइकाला तुमच्याकडे पाठवणार.

तुमच्या दुकानात "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" अशी पाटी असेल तर आजच उतरवा. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार पद्धत ठरते. बिल न देणंही तसंच. छापील किमतीवर एक रुपया जास्त लावता येत नाही. आणि बिल करताना फोन नंबरचा हट्ट धरू नका, तसं २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना कळवलेलं आहे. हे सगळं काउंटरवरच्या मुलांनाही माहीत हवं. गिऱ्हाईक १९१५ या हेल्पलाइनला फोन लावण्याची भाषा करायला लागलं तर ती भांबावून जाऊन उलट बोलू नयेत.

भाषेचं म्हणाल तर आपल्या बाजारात हा मोठा विषय आहे. माझ्याकडे सध्या एक मुलगा बेळगावकडचा आणि एक उत्तर प्रदेशातला आहे. कोकणी येत नाही म्हणून त्यांना नावं ठेवणारे खूप, शिकवणारं कोणी नाही. मी भांड्यांच्या फळीला चिकटपट्टीने कागद लावला होता: कितें जाय, केदें व्हड, ल्हान, दाट बुडाचें, बसात, पळयात, ना पूण मेळटलें. पंधरावीस शब्द. महिन्याभरात कागदाची गरज राहिली नाही. गिऱ्हाईक ज्या भाषेत तोंड उघडेल त्या भाषेत पहिलं उत्तर द्यायचं, पुढे अडलं तर हिंदी आहेच. सावंतवाडी-दोडामार्गहून येणारी माणसं मराठी ऐकली की लगेच मोकळी होतात. आणि "नाही" एकटं बोलायचं नाही. आमच्याकडे नसेल तर कुठल्या गल्लीत मिळेल ते सांगायचं, मग ते आमच्या प्रतिस्पर्ध्याचं दुकान का असेना.

स्टूल ठेवा. दहा तास उभ्या असलेल्या माणसाकडून संध्याकाळी सात वाजता गोड बोलण्याची अपेक्षा करणं बरं नव्हे. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला जागा देणं कायद्यानेच सक्तीचं केलं. आपण कायद्याची वाट कशाला बघायची? गिऱ्हाईक आलं की उठायचं, गेलं की बसायचं. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवायची आपली रीतही मी मोडलेली नाही. जेवून थोडा वेळ आडवं झालेलं माणूस चारनंतर वेगळंच असतं.

फोन काढून ऑनलाइनची किंमत दाखवणारं गिऱ्हाईक आलं तर तोंड वाकडं करायचं नाही. फोन हातात घेऊन त्याच्याबरोबर वाचायचं: किती लिटर, किती वजन, तळ कसला. पुष्कळदा ते भांडं लहान किंवा हलकं निघतं. तेच असेल आणि तिथे खरंच स्वस्त असेल तर तसं सांगून टाकायचं. मूठ सैल झाली तर आमच्याकडे आणा, हेही सांगायचं. बरेच जण आणतातच.

चवथीच्या तोंडावर नवं माणूस काउंटरवर ठेवू नका. माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या, बाजाराची गर्दी, त्यात मुलीच्या पहिल्या चवथीचं वझें, म्हणजे तिच्या सासरी पाठवायची भेट, न्यायला डबे घेणारी घरं, सगळ्यांना घाई. नव्या माणसाला पुसायला, बांधायला, मोड तोलायला द्या, आणि जुनं पितळ तोलताना काटा गिऱ्हाइकाकडे फिरवलेला असू दे. नाव घालायचं काम मात्र जुन्याच हातात ठेवा. यंत्र सुरू करण्याआधी नाव कागदावर मोठ्या अक्षरात लिहा, गिऱ्हाइकाकडून मोठ्याने वाचून घ्या, आणि देसाय घालायचं की देसाई, हे विचारल्याशिवाय सुई डब्याला लावू नका.